शपथ कोणासमोर?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकती भरली होती. मधल्या सुट्टीत पासष्टीच्या पुढची एक बाई हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा मुलगा आमच्या शाळेचा विद्यार्थी. दहावीला गणितात जेमतेम, पण अक्षर मोत्यासारखे. पुढे तो नौदलात भरती झाला आणि अक्षराच्या पुण्याईने म्हणा, जहाजाच्या कचेरीत 'रायटर' म्हणून लागला. रजेचे अर्ज, पगाराचे तक्ते, वारसांची नावे, बदलीचे कागद ही सारी त्याची कामे. बीदर जिल्ह्यातल्या पोराने समुद्र पाहिलेला नसतो. तो समुद्रावर जाऊन कारकून झाला, याचे आम्हा मास्तर लोकांना मोठे कौतुक.

बाईच्या पिशवीत दोन कागद होते. नवरा वारून वर्ष झाले होते आणि पाच एकर कोरडवाहू जमिनीच्या पहाणीवर वारसांची नावे लावायची होती. आमच्याकडे याला 'फौती करणे' म्हणतात. त्यासाठी वंशावळीचे प्रतिज्ञापत्र हवे. मुलाला रजा मिळेना म्हणून त्याने आपले प्रतिज्ञापत्र नौदलाच्या ठाण्यावरच करून टपालाने पाठवले होते. त्यावर तिथल्या कमांडिंग अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का होता. कचेरीतल्या कारकुनाने तो कागद उलटसुलट करून परत दिला होता. "हा शिक्का चालत नाही. नोटरीचा आणा." इतकेच तो म्हणाला. बाई विचारत होती, "गुरुजी, सरकारचाच सिक्का हाय की. मग सरकारला का चालंना?"

प्रश्न साधा होता आणि उत्तर मला येत नव्हते. इतिहासात एम.ए. केलेल्या माणसाला शपथ कोण घेतो हे ठाऊक असते. शपथ देण्याचा अधिकार कोणाला, हे मी कधी पाहिलेच नव्हते. त्या दिवसापासून मी जे थोडे वाचले, ते वाचकांपुढे ठेवतो.

आपल्या या भागात शपथेचा इतिहास मोठा आहे. 'आण' हा शब्द मराठीतही आहे आणि कन्नडमध्ये तोच 'आणे' होतो. भालकी तालुक्यात खानापूरच्या मैलार मल्लण्णाचा भंडारा कपाळाला लावून, किंवा भीमा-अमरजेच्या संगमावर गाणगापुरी पादुकांसमोर उभे राहून बोललेला शब्द मोडायचा नाही, हे आमच्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नाही. मराठेशाहीत तर बेलभंडार हा राजकारणाचाच भाग होता. तह, कौल, अभय यांची खातरी बेलभंडार देऊन व्हायची आणि समोरचा मुसलमान असेल तर तो कुराणावर हात ठेवायचा. प्रत्येकाने आपापल्या दैवताची आण घ्यायची, पण ती दुसऱ्याच्या समक्ष, हा त्यातला मुख्य मुद्दा.

वतनाचे तंटे गोतसभेपुढे चालत, तेव्हाही हीच रीत होती. वादी आणि प्रतिवादी आधी राजीनामा लिहून देत. आज या शब्दाचा अर्थ नोकरी सोडण्याचा कागद असा झाला आहे. तेव्हा त्याचा अर्थ 'जो निवाडा होईल तो आम्हांस मान्य' अशी कबुली असा होता. मग साक्षीदारांना देवळात किंवा नदीच्या संगमावर नेऊन, पूर्वजांची आठवण देऊन बोलते करीत. साक्षीने निकाल लागला नाही तर दिव्य. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढणे, हे 'रवादिव्य' त्यातलेच. आज आपल्याला ते क्रूर वाटते आणि ते होतेच. परंतु त्या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट निश्चित असे. शपथ घेणाऱ्याला आपण काय बोलतो आहोत हे कळत असे आणि ऐकणारे गोत त्याच्या ओळखीचे असे.

इंग्रजी अमलात हे बदलत गेले. कंपनीच्या कोर्टांत हिंदू साक्षीदाराच्या हाती गंगाजल आणि मुसलमानाच्या हाती कुराण देण्याची रीत होती. त्याने लोकांच्या मनाला टोचणी लागते आणि न्यायाच्या कामात अडथळा येतो, असे कारण देऊन १८४० च्या पाचव्या कायद्याने ती रीत काढली. त्या जागी ईश्वरास स्मरून गांभीर्याने सत्यकथन करण्याची प्रतिज्ञा आली. पुढे १८७३ चा शपथविषयक कायदा आला. त्याने जुन्या रीतीला एक खिडकी उघडी ठेवली होती. एखादा पक्षकार म्हणाला की, 'समोरच्याने अमुक देवाची शपथ घेऊन सांगावे, ते मला मान्य,' तर कोर्ट तशी शपथ देऊ शकत असे. ती घेतली गेली म्हणजे त्या मुद्द्यापुरता म्हणणाऱ्याविरुद्ध तो अखेरचा पुरावा ठरे. गोतसभेतला राजीनामाच जणू कोट घालून कोर्टात बसला होता. १९६९ च्या कायद्याने ही खिडकी बंद केली.

हे झाले ब्रिटिश हिंदुस्थानचे. आम्ही तर निजामाच्या राज्यात होतो. कचेरीची भाषा उर्दू आणि शपथपत्राचे नाव 'हलफनामा'. माझ्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत असला एक पिवळा कागद होता. खाली त्यांचा अंगठा होता. आजोबांना मोडी वाचता येत होती, उर्दूचे एक अक्षर येत नव्हते. कागदात काय लिहिले आहे असे मी लहानपणी विचारले, तेव्हा ते म्हणाले होते, "जे मुन्शीजीनं लिवलं ते." १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले. आम्ही म्हैसूर राज्यात, म्हणजे पुढच्या कर्नाटकात राहिलो. कचेरीची भाषा उर्दूची कन्नड झाली. कन्नडला मी परकी मानत नाही. माझी मुले ती माझ्यापेक्षा चांगली बोलतात. पण मराठी घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या दृष्टीने कागद पूर्वीही मुका होता, आताही मुकाच राहिला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. नौदलाच्या अधिकाऱ्याला शपथ देण्याचा अधिकार आहे काय?

आहे. १९६९ चा ४४ वा कायदा, म्हणजे शपथ अधिनियम, त्याचे तिसरे कलम. पुरावा घेण्याचा अधिकार असलेली न्यायालये व व्यक्ती यांच्या जोडीला तिथे लष्कर, नौदल किंवा विमानदल यांच्या ठाण्याचा अथवा जहाजाचा कमांडिंग अधिकारी स्पष्ट नमूद केला आहे. अट एकच, शपथ त्या ठाण्याच्या हद्दीत दिलेली असावी. शिवाय हा अधिकार त्याने स्वतः वापरावा, किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकरवी वापरावा, अशीही सोय आहे. लष्करी ठाण्याच्या कमांडिंग अधिकाऱ्याला असा अधिकार १८७३ च्या कायद्यातही होता. कारण उघड आहे. छावणीतला शिपाई किंवा जहाजावरचा खलाशी मॅजिस्ट्रेट शोधायला कुठे जाणार? म्हणून कायद्यानेच मॅजिस्ट्रेटचे थोडे काम जहाजावर चढवून दिले.

इथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. नौदलाची जमिनीवरची ठाणीसुद्धा जहाजांसारखीच नावे लावतात. लोणावळ्याचे 'आय.एन.एस. शिवाजी' घाटावर आहे, समुद्रापासून कितीतरी उंच; तरी नाव जहाजाचेच. आणि आम्हा बीदरकरांनी फार लांब पाहण्याचे कारणच नव्हते. डोक्यावरून शिकाऊ वैमानिकांची विमाने रोज घरघरत जातात, 'सूर्यकिरण' हा कसरती करणारा ताफा १९९६ मध्ये इथेच उभा राहिला. त्या विमानदलाच्या ठाण्याच्या प्रमुखालाही कुंपणाच्या आत हाच अधिकार आहे. आमच्या कुंपणापलीकडची गोष्ट आम्हाला माहीत नव्हती, इतकेच.

नौदलात तर नोकरीची सुरुवातच शपथेने होते. १९५७ च्या नौदल कायद्याप्रमाणे भरती झालेल्या प्रत्येकाने आपल्या जहाजाच्या कमांडिंग अधिकाऱ्यासमोर किंवा त्यासाठी ठरवलेल्या अधिकाऱ्यासमोर संविधानाशी निष्ठेची शपथ घ्यायची असते. समुद्र, जमीन, आकाश, जिथे पाठवाल तिथे जाईन, जिवावर बेतले तरी आज्ञा पाळीन, असा तिचा आशय आहे. ज्या अधिकाऱ्यासमोर मुलगा आपला जीव लिहून देतो, त्याच अधिकाऱ्यासमोर त्याने बहिणींची नावे लिहून दिली तर ती चालत नाहीत, हे मला पटेना. अमेरिकेत तर १९५० च्या लष्करी न्यायसंहितेने याहून पुढची पायरी गाठली आहे. तिथे नौदलाच्या कमांडिंग अधिकाऱ्यांना तर हा अधिकार आहेच, पण सैन्यदलांच्या कचेरीचे काम पाहणाऱ्या ॲडज्युटंट, सहायक ॲडज्युटंट अशा मंडळींनाही लष्करी कारभारापुरता शपथ देण्याचा अधिकार नावानिशी दिलेला आहे.

एवढी शिदोरी बांधून मी कचेरीत गेलो. कारकुनाने माझा कागद शांतपणे वाचला आणि वरच्या साहेबांकडे बोट दाखवले. साहेबांनी, "तुम्ही म्हणता ते खरे असेल मास्तर, पण आमच्या यादीत नाही," असे म्हणून चहा मागवला. चहा पिऊन मी परत आलो.

रात्री एका वकील स्नेह्याला गाठले. तो हसून म्हणाला, "मास्तर, तुमचं निम्मं बरोबर आहे. तिसऱ्या कलमाचं दुसरं पोटकलम वाचलंत का?" नव्हते वाचले. कमांडिंग अधिकाऱ्याला शपथ देण्याचा अधिकार खरा, पण कायद्याने त्याच्यावर सोपवलेल्या कामांच्या आणि अधिकारांच्या संदर्भात. प्रतिज्ञापत्रांपुरती आणखी वेगळी तरतूद आहे. कोर्टाच्या कामाच्या प्रतिज्ञापत्रासाठी उच्च न्यायालयाने अधिकार दिलेली व्यक्ती चालते, इतर प्रतिज्ञापत्रांसाठी राज्य सरकारने अधिकार दिलेली. आणि नोटरीला १९५२ च्या नोटरी कायद्याने तो अधिकार सरळच दिलेला आहे. "म्हणजे कारकून चूक नाही?" मी विचारले. "चूकही नाही आणि बरोबरही नाही. वाद घालता येईल. पण पाच एकरांसाठी किती वर्षं घालणार?" मला त्या कारकुनाचा राग आला होता तो निम्मा ओसरला. बाकीचा निम्मा का राहिला ते पुढे सांगतो.

मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "सर, ठाण्यावरचे असले सगळे कागद मीच टाइप करतो. सही साहेबांची. पण माझ्या कागदाच्या वेळी साहेबांनी मला टाइप केलेला कागद तसाच पुढे सरकवू दिला नाही. टोपी घालून उभं केलं. एकेक वाक्य हिंदीतून वाचलं. 'समझ में आया?' म्हणून विचारलं. शपथेचे शब्द माझ्या तोंडून म्हणवून घेतले, मग सही केली. इतक्या वर्षांत शेकडो कागद टाइप केले सर, पण शपथ म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं."

शेवटी वादात न पडता आईचेच प्रतिज्ञापत्र करायचे ठरले. तालुक्याला गेलो. टंकलेखकाने जुन्या रेशनकार्डावरून नावे घेतली आणि कन्नडमध्ये भराभर मजकूर छापला. नोटरीच्या खोलीत गर्दी होती. बाईला नाव विचारले, शाईचे पॅड पुढे केले, अंगठा उमटला, शिक्का पडला, वहीत नोंद झाली. दोन मिनिटांचेही काम नव्हते. कागदाच्या शेवटी, 'मजकूर वाचून दाखवला, समजला व माझ्यासमोर शपथेवर सांगितला' अशा अर्थाचे वाक्य आधीच छापलेले होते.

बाहेर लिंबाखाली आलो. बाई कागद धरून उभीच होती. तिने विचारले, "गुरुजी, सपत कवा घ्याची?"

मी म्हणालो, "मावशी, झाली की."

"कवा? मी तर काईच बोलले न्हाई."

वाचकहो, त्या लिंबाखाली मला खरोखर लाज वाटली. कन्नडमध्ये प्रतिज्ञापत्राला 'प्रमाणपत्र' म्हणतात. 'प्रमाण करणे' म्हणजे शपथ घेणे. मराठीत प्रमाणपत्र म्हणजे दाखला, आपल्याला कोणीतरी दिलेला. सकाळपासून तिच्या कानावर 'प्रमाणपत्र' हाच शब्द पडत होता. सरकार आपल्याला दाखला देणार आहे, अशा समजुतीने ती आली होती. तीच सरकारला शब्द देऊन बसली आहे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. मीही नाही.

मग तिथेच कट्ट्यावर बसून मी तो कागद ओळीओळीने मराठीत सांगू लागलो. नवऱ्याचे नाव, मृत्यूची तारीख, सर्व्हे नंबर. वारस: पत्नी, एक मुलगा, एक मुलगी. बाईने माझा हात धरला. "आन धाकली?"

धाकटी मुलगी उदगीरकडे दिलेली. लग्नानंतर तिचे नाव रेशनकार्डावरून कमी झाले होते. थोरली विधवा होऊन माहेरी आलेली म्हणून तिचे नाव कार्डावर होते. टंकलेखकाने कार्ड पाहिले आणि धाकटीला वंशावळीतून वगळून टाकले. कोणाच्या मनात पाप नव्हते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बापाच्या स्वतःच्या मिळकतीत बायको, मुलगा आणि मुली यांचा सारखा वाटा. पण शपथेवर आईनेच 'मला एकच मुलगी' असे म्हटल्यावर त्या पोरीने उद्या कोणाकडे दाद मागायची? पिशवीतला नौदलाचा कागद काढून पाहिला. त्यात दोघी बहिणींची नावे ठळक होती. जो कागद चालत नव्हता तो खरा होता, आणि जो चालणार होता तो खोटा.

आम्ही परत आत गेलो. नवा मजकूर छापून घेतला. नोटरीला मी हात जोडून विनंती केली की, या वेळी मला वाचून दाखवू द्या. ते सज्जन गृहस्थ होते, खुर्ची सरकवून म्हणाले, "वाचा की सर, नको कोण म्हणतंय?" मी वाचले. बाईने पदराच्या गाठीतला भंडारा कपाळाला लावला आणि "समदं खरं हाय" म्हणून अंगठा दिला. कायद्याला भंडाऱ्याची गरज नाही. तिला होती. यथावकाश फौती झाली, चौघांची नावे पहाणीवर आली.

बीदरला महमूद गवानचा मदरसा आहे. १४७२ ची ही इमारत पाहायला मी दरवर्षी नववीची मुले नेतो. बहमनी राज्याचा हा थोर वजीर १४८१ मध्ये सुलतानाच्या हुकमाने मारला गेला. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की, शत्रूंनी त्याच्या शिक्का सांभाळणाऱ्या नोकराला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला आणि वर ओरिसाच्या राजाला चिथावणारे पत्र लिहिले. शिक्का आपला आहे, मजकूर आपला नाही, असे गवानने सांगून पाहिले. सुलतानाने शिक्का पाहिला. ही गोष्ट मी मुलांना फितुरीची म्हणून सांगत असे. आता सांगताना मला लिंबाखालची ती बाई आठवते. तिचा अंगठाही एका परीने कोऱ्याच कागदावर उमटला होता. फरक इतकाच की फितुरी कोणाचीच नव्हती, सगळ्यांना घाई होती.

माझा कारकुनावरचा निम्मा राग शिल्लक होता तो यासाठी. त्याने शिक्का कोणाचा हे पाहिले, ते त्याचे कामच. पण शपथ देण्याचा अधिकार म्हणजे नुसता शिक्का मारण्याचा अधिकार नव्हे. समोरच्याला कळते आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी त्या अधिकाराच्या पोटातच आहे. कायदाही तेच म्हणतो. बारा वर्षांखालच्या मुलाला खरे बोलावे हे कळते पण शपथेचा अर्थ कळत नाही, असे न्यायालयाला वाटले, तर त्याला शपथ द्यायची नाही, असे १९६९ च्या त्याच कायद्यात आहे. लेकराची एवढी काळजी घेणारा कायदा न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर म्हातारीचा अंगठा कसा मागेल? ज्याला कागदाची भाषा येत नाही त्याला तो कळेल अशा भाषेत समजावून द्यावा, हा कोर्टकचेरीचा जुनाच दंडक आहे. आपण तो छापील वाक्यात गुंडाळून ठेवला. खोट्या शपथेची शिक्षा मात्र अंगठा देणाऱ्यालाच. पूर्वी ती १८६० च्या दंडसंहितेत होती, १ जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेत आहे.

आता दुसऱ्यांचे पुरे. माझी स्वतःची जन्मतारीख १ जून आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच होती, कारण आमच्या गुरुजींना तीच सोयीची वाटली. मुख्याध्यापक झाल्यावर मीही किती दाखल्यांवर, किती 'ओळखतो' म्हणून लिहिलेल्या ओळींखाली न वाचता सह्या केल्या असतील, त्याचा हिशेब माझ्यापाशी नाही. शिक्का मारून मोकळे होणाऱ्यांच्या रांगेत मी बाहेरचा माणूस नव्हतो.

त्या दिवसापासून शाळेत एक रीत घातली आहे. पालकाने सही किंवा अंगठा देण्याआधी कागद त्याच्या बोलीत वाचून दाखवायचा, मराठी असो, कन्नड असो, उर्दू असो, की तांड्यावरची लमाणी असो. लमाणी मला येत नाही. तेव्हा दहावीचा एखादा पोरगा बोलावतो. वेळ लागतो. शिपाई कुरकुरतो. पण दर वर्षी दोन-चार कागदांत तरी नाव, तारीख, काहीतरी चुकलेले निघतेच.

नौदलातला तो पोरगा पुढच्या रजेत भेटायला आला. मी त्याला गमतीने म्हटले, "तुझ्या साहेबाचा शिक्का काही इथं चालला नाही बुवा." तो म्हणाला, "असू दे सर. धाकटीचं नाव लागलं ना?"